थोटकांचं विरजण

"खोलीला जुना वास परत आलाय गं," असं नाना फोनवर दोनदा म्हणाले होते आणि दोन्ही वेळा ऋजुताने ते कानाआड केलं होतं. म्हातारे वडील, एकटे राहतात, जुन्या वासाबिसात रमणारच, असं तिला वाटलं. शिवाय ती तेव्हा कामात गळ्यापर्यंत बुडाली होती. पांढरगडच्या तळ्यात कित्येक वर्षांनी बेडूक ओरडले होते आणि ते ऐकायला बाहेरगावाहून माणसं येणार होती.

तो वास तिला वाळिंबे फोटो स्टुडिओच्या जिन्यातच आला. आंबूस, नाकात चढणारा. फोटो धुताना मधल्या ताटात जे आम्ल असतं, त्याचा. लहानपणी शाळेतून आलं की या वासावरूनच तिला कळायचं, की नाना काळोख्या खोलीत आहेत आणि दार वाजवायचं नाही. क्षणभर तिला फार बरं वाटलं. मग तिची पिशवी खांद्यावरून घसरून पायरीवर पडली. या घरात गेल्या पाव शतकात कुणी फोटो धुतलेला नव्हता.

हा वास आणखी कशातून सुटतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यावरच तर तिची उमेदीची वर्षं गेली होती.

सिगारेटचं फिल्टर कापसाचं असतं, असं निम्म्या जगाला वाटतं. दिसतं तसंच, पण ते प्लास्टिक आहे आणि तेही लाकडापासून केलेलं. लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज घ्यायचं आणि त्याच्या साखळीला जागोजागी व्हिनेगरमधल्या आम्लाचे तुकडे जोडायचे. नुसतं सेल्युलोज असतं तर मातीतल्या जंतूंनी काही महिन्यांत त्याचा फडशा पाडला असता. हे जोडलेले तुकडे मात्र काटेरी कुंपणासारखे आड येतात. म्हणून थोटूक उन्हापावसात झिजतं, त्याचे केसाहून बारीक धागे होतात, पण नाहीसं काही होत नाही. आणि ओढणाऱ्याच्या छातीत जाण्यापासून फिल्टरने जे काही अडवलं, ते निकोटिन, शिसं, आर्सेनिक हळूहळू पाण्यात उतरत राहतं. लिटरभर पाण्यात एकच थोटूक भिजत ठेवलं, तरी त्यात सोडलेले निम्मे मासे चार दिवसांत उलटे होतात.

पांढरगडला तर सूर्यास्त बघायला येणाऱ्यांची रोज जत्रा. तळ्याच्या घाटावर बसायचं, सिगारेट संपली की बोटाने टिचकी मारून थोटूक उडवायचं आणि सूर्य बुडाला की गाडीत बसायचं. पहिल्या मोठ्या सरीला ती सगळी थोटकं ओघळून तळ्यात. आधी बेडूक गेले, मग लहान मासे गेले, मग माशांवर जगणारे बगळे दुसरीकडे निघून गेले.

ऋजुता या तळ्याकाठी वाढलेली. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी खपून एक जंतू घडवला. तो ते कुंपण कापायचा, आम्ल मोकळं करायचा आणि उरलेलं सेल्युलोज खाऊन टाकायचा. सोबत निकोटिनवर जगणारा दुसरा जंतू आणि तळाशी शिसं-आर्सेनिक धरून ठेवणारा कोळसा, हे सगळं एका मातीच्या मडक्यात. गावात सांगताना ती त्याला 'विरजण' म्हणायची. प्रत्येक टपरीसमोर एक मडकं ठेवायचं, टपरीवाल्याने थोटकं वेचून त्यात टाकायची. दोन महिन्यांत आत नुसता गाळ. जंतू मडक्याबाहेर मोकाट सुटू नये म्हणून त्याला एक लगाम होता. त्याला वाढायला एक पोषकद्रव्य लागायचं, ते तो स्वतः बनवू शकायचा नाही. ते प्रयोगशाळेतून येणाऱ्या पुडीतच असायचं. पुडी बंद, की जंतू मेला.

निदान कागदावर तरी.

नाना वरच्या खोलीत खिडकीशी बसले होते. ऐंशीला टेकलेले, अंगात इस्त्रीचा सदरा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"चष्म्याला काय झालं?"

"मऊ पडला गं. मेणासारखा. हल्लीचा माल." ते हसले. "आधी चहा घे. मग तुला वास दाखवतो."

ऋजुताने चष्मा हातात घेतला आणि तिला चहाची इच्छा उरली नाही. फ्रेमही त्याच जातीच्या प्लास्टिकची होती. आणि तिसरी एक गोष्ट त्याच प्लास्टिकची असते, हे तिला माहीत होतं, पण पांढरगडला जंतू आणताना तिच्या मनाला ते शिवलंही नव्हतं. जुन्या कॅमेऱ्यांतली फिल्म.

काळोख्या खोलीत भिंतभर पत्र्याचे डबे होते. त्यात नानांच्या वडिलांपासूनच्या सगळ्या निगेटिव्ह. नानांनी त्या कधी टाकल्या नाहीत, याला कारण होतं. पंचक्रोशीत कुणी गेलं की दहावा उरकून घरचे लोक वाळिंब्यांकडे यायचे. तेराव्याला हार घालायला फोटो हवा असायचा आणि पुष्कळांचा घरात एकही धड फोटो नसायचा. नाना डोळे मिटून विचारायचे, कुठल्या आळीतले, कुणाच्या लग्नाला गेले होते. मग एखाद्या वऱ्हाडाच्या गर्दीतून, तिसऱ्या रांगेतून, तो चेहरा नेमका शोधून काढायचे, मोठा करायचे आणि चौकटीत बसवून द्यायचे. पांढरगडच्या घराघरांत भिंतीवर जी मेलेली माणसं आहेत, ती सगळी या डब्यांमधून निघालेली आहेत. "स्कॅन करून घ्या," असं ऋजुता वर्षानुवर्षं सांगत आली होती. "करू, करू. आलेल्या माणसाचं तेवढं स्कॅन करून देतोय ना मी?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तिने पहिला डबा उघडला. वासाने डोळ्यांना पाणी आलं. आतल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती, दुधाळ, सुरकुतलेली. कडेची एक पट्टी तिने उजेडाकडे धरली. काहीच दिसत नव्हतं. दुसरा डबा तसाच. पाचवा तसाच. एका फिल्ममधून सुटलेलं आम्ल शेजारच्या फिल्मला सडवतं, त्यामुळे बंद डब्यात जंतूला फारसे कष्टही पडले नव्हते.

"नाना, तुम्हाला हा वास येत होता. कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून असेल. का? बरा वाटायचा. आत येऊन बसायचो मी. डबे उघडायची वेळ काही आली नाही तेव्हापासून." तिचा चेहरा बघून ते उठले आणि चाचपडत डब्यापाशी आले. त्यांनी त्या विटेवरून बोट फिरवलं.

कोपऱ्यात, फोटो धुवायच्या जुन्या ताटांशेजारी, एक मडकं होतं. फडकं बांधलेलं.

"हे इथे कसं?"

"ते आपलं मुख्य मडकं. सगळ्या टपऱ्यांना विरजण यातूनच जातं." नाना अजून डब्याकडेच बघत होते. "गेल्या पावसाळ्यात दरड पडून घाट बंद झाला नव्हता का? तुमच्या पुड्या आल्याच नाहीत. मडकी थंड पडायला लागली. हणमंत सपकाळ रडकुंडीला आला, म्हणाला ताईंचं काम वाया जाणार. मी म्हटलं, अरे, विरजण काय कुणी पुण्याहून मागवतं? एका मडक्यातलं चमचाभर दुसऱ्यात घाल, वर थोडं ताक घाल. लागलं की बघता बघता! तेव्हापासून आम्ही पुड्या वापरतच नाही. तुला सांगणार होतो, तू आलीस की. म्हटलं, खूश होशील."

ऋजुताला सगळा उलगडा झाला. ताकात ते पोषकद्रव्य थोडं थोडं होतं. तेवढ्यावर जंतू तगले. मग दर खेपेला ताक कमी पडत गेलं, तसे अडून बसणारे मेले आणि ज्या एखाददुसऱ्याला ते द्रव्य स्वतः बनवायची खुबी साधली, तेच पुढच्या मडक्यात गेले. मडक्यामागून मडकं. प्रयोगशाळेत कुणी मुद्दाम करायला गेलं असतं तर याहून चोख झालं नसतं. सगळ्या गावाने हौसेने, तिच्यावरच्या मायेने, जंतूचा लगाम सोडवला होता. आणि नाना त्याच हातांनी मडकं ढवळत होते, त्याच हातांनी डबे उघडत होते.

"हे गावाबाहेर कुणी नेलंय?"

"पुण्याचे एक पाहुणे नेतो म्हणाले होते, बरणीत घालून. नेलं की नाही, ते हणमंताला विचारावं लागेल." मग नानांनीच विचारलं, "माझ्यामुळे झालं ना हे?"

"माझ्यामुळे झालं, नाना," ती म्हणाली. ते खरंही होतं. विरजण म्हटल्यावर इथली माणसं काय करतील, हे या घरात वाढलेल्या मुलीला सुचायला नको होतं?

जिन्यात पावलं वाजली. हणमंत सपकाळच होता, घाटावरचा टपरीवाला. डोकं नुकतंच भादरलेलं.

"ताई, बरं झालं तुमी पण हाईसा. नाना, आमची म्हातारी गेली. परवा तेरावं. फोटू लागंल तिचा."

"तान्हूबाई?" नाना म्हणाले. "मोबाइलमध्ये नसतील का रे तिचे?"

"आजारपणातलं हायती. नाकात नळ्या घातल्यालं. ते भितीवर कसं लावायचं? त्याच्या आदी मोबाइल दिसला की पदर घ्यायची तोंडावर." हणमंत जमिनीकडे बघत होता. "लेकरांनी तिला बरी असलेली बगितलीच न्हाई, नाना. मला सुदीक आता नळ्याच दिसत्यात."

एरवी नानांनी डोळे मिटून सांगितलं असतं. त्यांनी सांगितलंही. "तुझी आत्या दिली तेव्हाचं लग्न. मांडवाच्या खांबापाशी उभी आहे, कडेवर तू." मग ते ऋजुताकडे बघत राहिले.

"उद्या सकाळी या," ऋजुता म्हणाली. आपण हे का म्हणालो, ते तिचं तिलाच कळलं नाही. बरणीचं तिने तिथेच विचारून घेतलं. पाहुणे ती विसरून गेले होते, बरणी टपरीतच पडून होती.

हणमंत गेल्यावर नानांनी दार लावलं.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"नाना..."

"ऐक माझं. सांगितलंस तर तुझी मडकी बंद. तुझं नाव जाईल. तळं पुन्हा होतं तसं होईल. आणि कशासाठी? एका म्हाताऱ्याच्या डब्यांसाठी? ते तर गेलेच. बेडूक ओरडतात गं रोज. मी खिडकी उघडी ठेवून झोपतो."

ऋजुताला रडू आवरेना. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून जे जपलं, ते डोळ्यांदेखत गेलं, आणि हा माणूस तिची समजूत घालत होता.

"तुमचे डबे गेले म्हणून नाही सांगत. असे डबे गावोगावी आहेत. लोकांच्या ट्रंकांमध्ये, संग्रहालयांत, जुन्या सिनेमांच्या कोठारांत. एक बरणी विसरली म्हणून वाचलो. दुसरी कुणी विसरणार नाही. अजून हे गावातच आहे, नाना. आजचा दिवस हातात आहे."

"आणि सांगितलंस तर इथे काय करतील?"

हे ती त्यांच्यापासून लपवू शकत होती. लपवलं नाही. "थंडीने तो मरत नाही, नुसता झोपतो. उकळावं लागतं किंवा जाळावं लागतं. लागण झालेली प्रत्येक वस्तू. ही खोली सगळी."

नानांनी उघड्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "कर फोन."

प्रयोगशाळेचे संचालक आधी चिडले, मग म्हणाले की पथक उद्या संध्याकाळपर्यंत घाट चढेल आणि तोवर खोलीतून कागदाचा कपटासुद्धा बाहेर जाता कामा नये. तिच्या नोकरीचं काय होईल, हे त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

सकाळी नानांनी जुनी ताटं धुवायला काढली.

"चित्र फिल्मवर नसतं," ते म्हणाले. ती लहान असताना सांगायचे, अगदी त्याच आवाजात. "चित्र असतं वरच्या सरसाच्या थरात. चांदीचं. तुझा जंतू सरस खातो का?"

"नाही. सरस नाही खात."

"मग खालचं प्लास्टिक सुटलं तर वरची साय निघायला पाहिजे. पाणी गार लागेल. कोमट पाण्यात सरस विरघळतो."

हणमंत सांगितल्याप्रमाणे आला, तो टपरीवरचा बर्फ घेऊनच; ऋजुताने तसा निरोप धाडला होता. आत न येता त्याने तो दारातून दिला आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिला. ऋजुताने नानांनी सांगितलेल्या डब्यातली वीट गार पाण्यात सोडली. बऱ्याच वेळाने कडा उलगडायला लागल्या. सडलेलं प्लास्टिक भाताच्या पेजेसारखं खाली बसलं आणि दुधावरची साय हलावी तसा एक पातळ थर पाण्यात तरंगू लागला. नानांनी काचेची पट्टी तिच्या हातात दिली. ते शेजारून सांगत होते, "खालून घे. ओढू नकोस. तिला स्वतःहून बसू दे."

साय काचेवर बसली. एक कोपरा फाटला, तो मांडवाचा होता. ऋजुताने ती खिडकीशी धरून मोबाइलने टिपली आणि काळ्याचं पांढरं केलं. खांबापाशी एक तरुण बाई उभी होती, कपाळभर कुंकू, कडेवर उघडं पोर, आणि फोटो काढणाऱ्याकडे धीटपणे बघत होती. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

मोबाइलचा पडदा तिने दारातून हणमंतला दाखवला. त्याने बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून तो ओक्साबोक्शी रडला.

मग दिवसभर तेच चाललं. एका सायीला अर्धा-पाऊण तास जायचा, कित्येक मधेच फाटायच्या. कुणाला वाचवायचं, ते नाना ठरवत होते. ज्यांचा दुसरीकडे कुठेच फोटो नाही, ते आधी. धनगरवाड्यावरची दोन भावंडं. नदीला वाहून गेलेला एक शाळामास्तर. नावं निघत होती आणि डबे मात्र होते तेवढेच दिसत होते. हजारोंमधले बोटांवर मोजण्याइतके हाती लागत होते आणि हे दोघांनाही कळत होतं.

उन्हं कलल्यावर ऋजुताला एका डब्याखाली वेगळं ठेवलेलं पाकीट दिसलं. वर नानांच्या अक्षरात 'मालू' लिहिलेलं. तिची आई. ऋजुता पहिलीत असताना ती गेली. भिंतीवर तिचा एक फोटो होता, नानांनीच चौकटीत बसवलेला, गंभीर, पासपोर्टाच्या फोटोसारखा.

"हे काय आहे, नाना?"

"लग्नानंतरचा रोल. तळ्यावर काढलेला. छापला नाही कधी. सगळ्यात हसतेय ती, हार घालायला चालला नसता."

"शेवटचं एक ताट होईल अजून. हेच करू."

नानांनी पाकीट तिच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि मागे ठेवून दिलं. "पाथरवटांची गंगू राहिलीय. तिची मुलगी येते दर वर्षी, सापडला का विचारायला. गेल्याच महिन्यात मला आठवलं, कुठल्या डब्यात आहे ते."

"आई भिंतीवर हसत नाही, नाना. मला तिचं हसणं आठवत नाही."

त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते, पण पाकीट परत दिलं नाही. "तिचा चेहरा निदान आहे आपल्याकडे. गंगूच्या मुलीकडे तेवढंही नाही. बर्फ संपत आलाय, ऋजू. गंगू."

ऋजुताने गंगू काढली. तिला नानांचा राग आला होता आणि ते बरोबर आहेत हेही कळत होतं. ती साय सगळ्यात छान निघाली, एकही चीर न पडता.

पथक आलं तेव्हा तळ्याच्या घाटावर गावातली सगळी मडकी ओळीने मांडलेली होती. हणमंतने दारोदार फिरून ती गोळा करवली होती, ती विसरलेली बरणीसुद्धा. दोघातिघांनी शिव्याही घातल्या त्याला. मोठ्या कढयांखाली चुली पेटल्या. गणवेशातल्या माणसांनी डबे, ताटं, काचेच्या पट्ट्या, पडदे, सगळं पोत्यांत भरून खाली नेलं. 'मालू'चं पाकीटही त्यातच गेलं. सगळ्यात शेवटी नानांनी आपला दोरा बांधलेला चष्मा काढून पोत्यात टाकला.

ऋजुता त्यांचा हात धरून त्यांना घाटाच्या पायऱ्यांवर घेऊन आली. पायऱ्यांवर कालची थोटकं पडलेली होतीच. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती, तिला किंवा दुसऱ्या कुणाला, आणि तोवर या बेडकांचं काय होईल ते ती सांगू शकत नव्हती. आत्ता मात्र ते ओरडत होते. पलीकडे पोती जळत होती आणि सबंध तळ्यावर काळोख्या खोलीचा वास पसरला होता.

पुष्कळ वेळाने तिने विचारलं, "आई कशाला हसत होती?"

"कुठे?"

"त्या रोलवर."

नाना तळ्याकडे तोंड करून बसले होते. त्यांना समोरचं काही धड दिसत नव्हतं. "त्या पलीकडच्या दगडावर बसवली होती तिला. मी ऐटीत सांगतोय, हनुवटी वर कर, डावीकडे बघ. चांगले चार-पाच फोटो काढले. एवढा नावाजलेला फोटोग्राफर. मग ती म्हणाली, अहो, त्या कॅमेऱ्याचं झाकण काढायचं असतं का हो?"

ऋजुताला हसू फुटलं. दिवसभराचं सगळं त्या हसण्यात बाहेर आलं, नाक वाहत होतं, डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

नाना वळले. चष्म्याविना, धुरातून, ते तिच्याकडे बघत राहिले.

"असंच," ते म्हणाले. "अगदी असंच."